दुसऱ्यासाठी विचारणे : रुग्णमित्राची इबादत




आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील दोन प्रसंग आज आपल्यासमोर ठेवावयाचे आहेत. दोन्ही प्रसंगांत एक पीडित व्यक्ती आहे आणि एक प्रश्न आहे. मात्र एका प्रसंगाचा शेवट मृत्यूत झाला, तर दुसऱ्याचा दिलाशात.

पहिला प्रसंग ह. जाबिर (रजि.) यांनी कथन केला असून तो सुनन अबू दाऊदमध्ये आला आहे. काही सहाबा प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्ल अनिवार्य झाले. त्याने सोबत्यांना विचारले की अशा अवस्थेत मला तयम्मुमची सवलत मिळेल काय? सोबत्यांनी सांगितले की पाणी उपलब्ध आहे, तेव्हा सवलत नाही. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. हे वृत्त प्रेषितांच्या (स.) कानी गेले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले. त्या लोकांनीच त्याचा जीव घेतला, असे त्यांनी म्हटले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानाचा इलाज विचारण्यातच आहे, अशी शिकवण त्यांनी त्या वेळी दिली.

दुसरा प्रसंग इमाम मालिक यांच्या मुअत्तामध्ये आणि सुनन अबू दाऊदमध्येही आढळतो. एका स्त्रीचा रक्तस्राव थांबत नव्हता. नमाजचे काय करावे, पाक कधी समजावे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. तिच्या वतीने हा प्रश्न उम्मुल मोमिनीन ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारला. उत्तर अगदी स्पष्ट मिळाले. हा विकार जडण्यापूर्वी मासिक पाळीचे जितके दिवस असत तितके दिवस मोजून नमाज सोडावी, त्यानंतर स्नान करून, कापड बांधून नमाज अदा करावी. अशाच त्रासाने पीडित असलेल्या ह. फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) समजावले होते की हे मासिक पाळीचे रक्त नसून एका शिरेचे आहे. म्हणजे हा शरीराचा विकार आहे, त्या स्त्रीचा दोष नव्हे.

वाचकहो, या दोन प्रसंगांतील अंतर नीट ध्यानात घ्या. पहिल्या प्रसंगातील सोबत्यांची नियत वाईट नव्हती. ते त्या जखमी माणसाचे हितचिंतकच होते. परंतु ज्ञान नसताना त्यांनी उत्तर दिले. दुसऱ्या प्रसंगात ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी स्वतः उत्तर दिले नाही. त्यांनी पीडितेचा प्रश्न उचलला, ज्याला ज्ञान आहे त्याच्यापर्यंत पोहोचवला आणि उत्तर तिच्याकडे परत आणले. आज रुग्णालयांच्या भाषेत अशा माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. आपण हे काम आधुनिक समाजसेवा समजतो, परंतु त्याचा आदर्श प्रेषितांच्या (स.) घरातच सापडतो.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याकडे वळू या. मालेगावातील यंत्रमागावर राबणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. घरात मुलगा जन्मला. काही महिन्यांनी खतना ठरली, नातेवाईक जमले, गोड वाटले गेले. संध्याकाळपर्यंत जखम सुकावयास हवी होती, परंतु रक्त झिरपतच राहिले. कोणी पावडर टाकली, कोणी कापड घट्ट बांधले, कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले खतना करणाऱ्याचा हात चुकला. पहाटे मूल पांढरे पडले तेव्हा धावपळ सुरू झाली. घरात प्रेम कमी नव्हते. परंतु उत्तर देणारे पुष्कळ होते आणि विचारणारा कोणी नव्हता.

या आजाराला हिमोफिलिया म्हणतात. आपल्या रक्तात ते गोठविणारे अनेक घटक अल्लाहने ठेवले आहेत. एकामागून एक घटक कामाला लागतो आणि जखमेचे तोंड बंद होते. या साखळीतील आठवा घटक जन्मतः कमी असेल तर हिमोफिलिया ‘ए’ होतो, नववा कमी असेल तर हिमोफिलिया ‘बी’. आठव्या घटकाच्या अभावाचा आजार जन्मणाऱ्या सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. अशा मुलाचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही, ते थांबत नाही, एवढाच फरक. वरून दिसणाऱ्या जखमेपेक्षा आत होणारा रक्तस्राव अधिक घातक असतो. गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत रक्त साचते, सांधा सुजतो, असह्य वेदना होतात. हे वारंवार घडले की सांधा कायमचा आखडतो. रक्तस्राव मेंदूत झाला तर जीवच धोक्यात येतो.

ह. आयशा (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार माणसाच्या शरीरात तीनशे साठ सांधे आहेत, आणि दुसऱ्या एका हदीसनुसार रोज उगवणाऱ्या सूर्यासोबत प्रत्येक सांध्यावर एक सदका देणे असते. दोघांमध्ये न्याय करणे सदका आहे, एखाद्याला त्याच्या वाहनावर चढण्यास मदत करणे सदका आहे, चांगला शब्द बोलणे सदका आहे. ज्याचा गुडघा नमाजमध्ये सहज वाकतो त्याने क्षणभर विचार करावा. त्याच शहरात एक मुलगा सुजलेल्या गुडघ्याने पलंगावर पडून आहे. त्याला वाहनात बसवून उपचारापर्यंत नेणे, हा आपल्या निरोगी सांध्यांचा सदका नव्हे काय?

खतनाचा प्रश्न आपल्या समाजाचा स्वतःचा प्रश्न आहे. म्हणून त्यावर स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. खतना ही ह. इब्राहीम (अ.) यांची सुन्नत आहे. हनफी मजहबात ती ताकीदीची सुन्नत मानली जाते, शाफई मजहबात वाजिब. परंतु जीवाचे रक्षण हा शरीअतचा मूळ हेतू आहे. हंबली मजहबाचे थोर फकीह इमाम इब्ने कुदामा यांनी आपल्या ‘अल-मुग्नी’ या ग्रंथात नमूद केले आहे की प्रौढ वयात इस्लाम स्वीकारणाऱ्याला खतनामुळे जीवाची भीती असेल तर त्याच्यावरील ही जबाबदारी उरत नाही. मग तान्ह्या बालकाच्या बाबतीत घाई कशासाठी? हिमोफिलिया असलेल्या मुलाची खतना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात, आधी व नंतर आवश्यक तो घटक शिरेतून देऊन करता येते. निर्णय डॉक्टर आणि आलिम यांना विचारून घ्यावा. घरी मात्र ती कदापि करू नये.

म्हणून प्रत्येक माता-पित्याने खतनापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आईच्या माहेरी, म्हणजे मुलाचा मामा, मावशीचा मुलगा किंवा आईचा मामा यांच्यापैकी कोणाचे रक्त लवकर थांबत नसे काय? बाळाला लस टोचल्यानंतर त्या जागी मोठी गाठ किंवा काळानिळा डाग उमटला होता काय? रांगताना, धरताना, उचलताना त्याच्या अंगावर निळे वळ उठतात काय? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर खतना थांबवून आधी रक्ताची तपासणी करावी. उत्तरे ‘नाही’ असली तरी पूर्ण निर्धास्त राहू नये, कारण सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कोणालाही झालेला नसतो. खतनानंतर रक्त थांबत नसेल तर पहाटेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

येथे एका मोठ्या अन्यायाचाही उल्लेख केला पाहिजे. निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो, दोष कोणाचा? हा आजार आईकडून मुलाकडे येऊ शकतो, एवढे अर्धवट ज्ञान कानी पडले की सुनेला टोमणे सुरू होतात. तिला माहेरी पाठविण्याची भाषा होते, कधी तलाकचीही. वस्तुस्थिती अशी की आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांना आजार असेल तर त्यांच्या सर्व मुली वाहक होतात, मुलग्यांना मात्र त्यांच्याकडून तो जात नाही. यात कोणाची निवड नाही आणि कोणाचे पाप नाही. श्रद्धावंत पुरुषांना व स्त्रियांना त्यांनी न केलेल्या गोष्टीवरून त्रास देणारे आपल्या माथी उघड गुन्ह्याचे ओझे घेतात, असा इशारा सूरह अहजाबच्या ५८व्या आयतीत आहे. ज्या मातेने रात्र-रात्र बर्फाची पिशवी मुलाच्या गुडघ्यावर धरून काढली, तिलाच आरोपी ठरविणाऱ्यांनी या आयतीचे भय बाळगावे.

मुस्लिम विद्वानांनी या आजाराकडे डोळेझाक केली होती, असे नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधील महान शल्यवैद्य अबुल कासिम अज-जहरावी यांनी ‘किताबुत्-तसरीफ’ या आपल्या ग्रंथात एका गावातील पुरुषांची नोंद केली. लहानशा जखमेनेही त्यांचे रक्त थांबत नसे आणि ते मरण पावत. आज हिमोफिलियाच्या इतिहासात या नोंदीचा आवर्जून उल्लेख होतो. अज-जहरावींनी त्यास नजर किंवा शाप म्हटले नाही. त्यांनी पाहिले, विचारपूस केली आणि लिहून ठेवले. हा आपला वारसा आहे. सुजलेल्या सांध्यावर मालिश करून आणि गरम शेक देऊन रक्तस्राव वाढविणे हा आपला वारसा नव्हे.

आधुनिक काळात या रुग्णांसाठी आवाज उठविणारे बहुधा स्वतः रुग्णच होते. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातील फ्रँक श्नाबेल यांना स्वतःला हिमोफिलिया होता. त्यांनी १९६३ मध्ये या रुग्णांची जागतिक संघटना उभारली. त्यांचा जन्मदिवस १७ एप्रिल, तो १९८९ पासून जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात अशोक वर्मा यांनी १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशनची स्थापना केली. तेही या आजाराचे रुग्ण होते. अशा माणसांनी सरकारांकडे, रुग्णालयांकडे सातत्याने पाठपुरावा केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्ही रक्तविकारांचा समावेश झाला. नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी उपचार केंद्र आहे. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा विकारांच्या बारीक तपासण्या होतात.

मग उणीव कशाची? उणीव त्या कुटुंबाची आणि त्या केंद्राची गाठ घालून देणाऱ्या माणसाची. मालेगावाहून नाशिक शंभर किलोमीटरहून दूर. बापाची दिवसाची मजुरी बुडते, आईला कागद वाचता येत नाही, खिडकीवरचा कर्मचारी एक अर्ज मागतो, आत डॉक्टर दुसऱ्या तपासणीचे नाव घेतात. कुटुंब दोन वेळा येते आणि तिसऱ्यांदा येत नाही. केंद्रात औषध असते आणि घरात मुलगा लंगडा होतो.

सूरह निसाच्या ८५व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की जो चांगल्या कामासाठी शिफारस करील त्याला त्या भलाईत वाटा मिळेल. सहीह बुखारी व मुस्लिममध्ये ह. अबू मूसा (रजि.) यांचे कथन आहे की प्रेषितांकडे (स.) कोणी गरजवंत आला म्हणजे ते उपस्थितांना त्याच्यासाठी शिफारस करण्यास सांगत, म्हणजे त्यांना पुण्य लाभेल. पहा, प्रेषित (स.) त्याची गरज शिफारशीविनाही भागवू शकत होते. तरीही त्यांनी समाजाला दुसऱ्यासाठी बोलण्याची सवय लावली. ह. मूसा (अ.) यांनीही फिरऔनकडे जाताना अल्लाहपाशी आपले बंधू ह. हारून (अ.) यांची सोबत मागितली, कारण त्यांची वाणी अधिक स्पष्ट होती. जेथे प्रेषितालाही आपल्या बाजूने बोलणारा हवासा वाटला, तेथे यंत्रमाग कामगाराने रुग्णालयाच्या खिडकीपुढे एकट्याने उभे राहावे काय?

हे काम करण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. महिन्यातून दोन सकाळी, थोडे वाचन आणि पुष्कळ सबुरी एवढे भांडवल पुरे. रुग्णमित्राने कुटुंबासोबत केंद्रात जाऊन नाव नोंदवावे. सर्व तपासण्या तारखेनुसार एका फाइलमध्ये लावाव्यात. डॉक्टरांनी सांगितलेले वहीत उतरवून घरी पुन्हा समजावून सांगावे. विचारावयाचे प्रश्न आधीच लिहून न्यावेत. कोणता घटक कमी आहे, किती कमी आहे, औषधाला शरीराचा विरोध निर्माण झाला आहे काय, रक्तस्राव होण्याआधीच नियमित औषध देता येईल काय? दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरण्यास मदत करावी. शाळेत जाऊन शिक्षकांना सांगावे की या मुलाला छडी नको, धक्काबुक्कीचे खेळ नकोत, पण वर्गातून वगळणेही नको. मुलाच्या खिशात आजाराचे नाव, घटकाचे नाव आणि रक्तगट लिहिलेले कार्ड असावे. दात काढण्यापूर्वी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी केंद्राला कळवावे. दंडात वा कमरेत खोलवर इंजेक्शन घेऊ नये. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसले तरी तत्काळ रुग्णालयात न्यावे. या बाबी घरातील प्रत्येकाच्या पाठ असाव्यात.

भगिनींना विशेष विनंती आहे. रक्त न थांबण्याचे विकार केवळ मुलग्यांना होतात, हा समज बरोबर नाही. वाहक स्त्रियांनाही रक्तस्रावाचा त्रास होऊ शकतो, आणि काही रक्तविकार मुला-मुलींत सारखेच आढळतात. पाळीचा अतिस्राव सोसणारी मुलगी लाजेने गप्प राहते, आईला वाटते असेच असते. अशा मुलीसाठी कोण विचारणार? ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी जे केले ते करण्यास प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन शहाण्या भगिनी पुढे आल्या तर किती मुलींचे अशक्तपण आणि किती बाळंतपणांतील धोके टळतील!

या सेवेचे काही शिष्टाचार आहेत, आणि तेच तिला इबादत बनवितात. पहिला शिष्टाचार अमानतीचा. रुग्णाचे नाव, त्याच्या बहिणी वाहक आहेत की नाहीत, ही माहिती तुमच्याजवळची ठेव आहे. चौकातील एका वाक्याने एखाद्या मुलीचे स्थळ मोडू शकते. दुसरा शिष्टाचार मर्यादेचा. आपण विचारणारे आहोत, उत्तर देणारे नव्हे. ऐकीव उपाय सांगण्याचा मोह झाला की डोक्याला जखम झालेल्या त्या सहाबींचे स्मरण करावे. तिसरा शिष्टाचार निःस्वार्थतेचा. उपकार बोलून दाखविल्याने व दुखविल्याने सदका वाया जातो, हे सूरह बकराच्या २६४व्या आयतीत बजावले आहे. रुग्ण मुलासोबत छायाचित्र काढून ते सर्वत्र पाठविणाऱ्यांनी ही आयत पुन्हा वाचावी. चौथा शिष्टाचार व्यापकतेचा. त्याच कक्षात पेठ-सुरगाण्याकडील सिकलसेलने त्रस्त आदिवासी मुलगी असेल, दर काही आठवड्यांनी रक्त चढवून घेणारा थॅलेसेमियाचा मुलगा असेल. त्यांचा धर्म विचारण्याचे कारण नाही. एक जीव वाचविणे म्हणजे जणू सर्व मानवांना वाचविणे, ही सूरह माइदाची शिकवण आहे.

इमाम व खतीब साहेबांनाही नम्र विनंती. रुग्ण तुम्हाला नमाज-रोजाबाबत विचारील तेव्हा त्याला सवलतीची वाट दाखवा. ह. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्यास सांगितले. सुजलेल्या गुडघ्याने सजदा करण्याचा हट्ट करणाऱ्या मुलाला ही हदीस ऐकवा. खतनाच्या हंगामात, उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या एखाद्या जुम्याला वरील तीन प्रश्न मिंबरवरून सांगा. पाच मिनिटांचे ते बोलणे एखाद्या बालकाचे आयुष्य ठरू शकते.

प्रिय वाचकहो, नाशिकमध्ये ईदची नमाज आपण त्र्यंबक रोडवरील शहाजहानी ईदगाहवर अदा करतो. तेथून जिल्हा शासकीय रुग्णालय फार दूर नाही. नव्या कपड्यांत, अत्तर लावून, एकमेकांना गळाभेट देऊन आपण त्या रस्त्याने परततो. त्याच वेळी आत एखादा बाप शिरेत औषध जाण्याची वाट पाहत मुलाशेजारी बसलेला असतो. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील की मी आजारी होतो, तू माझी विचारपूस का केली नाहीस? बंदा चकित होईल. तेव्हा त्याला सांगितले जाईल की माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मला त्याच्यापाशी पाहिले असतेस. पुढच्या ईदला त्या रस्त्याने परतताना थोडा वेळ काढा. आत जा, सलाम करा, आणि एवढेच विचारा की तुमच्यासाठी मी काही विचारून देऊ काय?

हे अल्लाह, आमच्या आजारी मुलांना शिफा दे. त्यांच्या मातांना सबुरी व सन्मान दे. त्यांची सेवा करणाऱ्या डॉक्टरांना, परिचारिकांना बरकत दे. ज्ञान नसताना उत्तर देण्यापासून आमच्या जिभेचे रक्षण कर आणि ज्यांना विचारता येत नाही त्यांच्यासाठी विचारण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.